सात की आठ: लॉराच्या प्लगच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर गाडीनं ठसका दिला. चौथा गिअर, तीन हजार आरपीएमच्या आसपास. पुढं कंटेनर रांगत होता म्हणून पाय दाबला आणि ऐन बूस्ट (टर्बोनं इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब) भरताना एक धक्का, लगेच दुसरा. इंजिनाचा दिवा लुकलुकला, पाय उचलला तसा थांबला. नुसता लागलेला दिवा एक वेळ परवडला. लुकलुकणारा दिवा म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल न जळता पुढं चाललंय आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर फुकट तापतोय. उरलेला घाट कंटेनरच्या मागं, मुकाट्यानं.

गाडीची कुंडली एकदाच लिहून ठेवते. स्कोडा लॉरा आरएस, २०११. १७९८ सीसीचं टीएसआय इंजिन, थेट इंजेक्शन, टर्बो. कंपनीचे आकडे १६० पीएस आणि २५० न्यूटन मीटर, सहा गिअर, मॅन्युअल. मी दुसरी मालकीण. तीन वर्षांपूर्वी स्टेज वन रिमॅप केला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग बदललं आणि बूस्ट वाढलं. ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणारे स्पार्क प्लग कधी बदलले ते आधीच्या मालकाला आठवत नव्हतं, आणि मी विचारून विसरले होते.

साताऱ्यात मावशीकडं पोचल्यावर गाडीच्या कॉम्प्युटरला डोंगल लावून दोषाचे कोड वाचले: पी०३०० आणि पी०३०३. पहिल्याचा अर्थ मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटणं) आहे पण एकाच जागी नाही, दुसरा सरळ तीन नंबरच्या सिलिंडरकडं बोट दाखवतो. मावशी खिडकीतून ओरडली, "जेवायला ये गं, गाडी कुठं पळून जात नाही." येताना खरंच नाही पळाली.

१० नोव्हेंबर, रविवार

सोसायटीचं पार्किंग, खांबाशेजारची जागा, हेडलॅम्प डोक्याला.

आधी कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज पुरवणारी. तीनची कॉइल एकला, एकची तीनला, आणि चांदणी चौकातून बायपासला लागून बाणेरपर्यंत एक फेरी. ठसका तसाच, कोड पुन्हा तीनचाच. कॉइल हलली आणि दोष हलला नाही, म्हणजे कॉइल निर्दोष. एवढ्या फुकटच्या चाचणीआधी लोक चार नव्या कॉइल का घेतात, देव जाणे.

मग दोन तास थांबले. तापलेल्या इंजिनातून प्लग काढायचा नसतो. हेड (इंजिनाचा वरचा भाग, ज्यात प्लग बसतात) ॲल्युमिनियमचं आहे, घाई केली तर आटे प्लगबरोबर बाहेर येतात आणि मग प्लगचा खर्च आठवणारही नाही. तेवढ्यात चहा, आंघोळ, दोन मशीन कपडे.

चारही प्लग वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले. सात नंबरचे प्लॅटिनम, पीएफआर७एस८ईजी, म्हणजे या इंजिनाला कारखान्यातून येतो तोच नंबर. एक, दोन आणि चार फिकट राखाडी-पिवळट, बरे. तीन नंबरच्या पांढऱ्या सिरॅमिकवर एकाच बाजूनं खडबडीत पापुद्रा, टँकरच्या पाण्यानं गिझरच्या कॉइलवर क्षार धरतात तसा. ही इंजिन ऑइलची राख. तेरा वर्षांचं इंजिन आहे, थोडं ऑइल पितं. तीन नंबर जरा जास्त पीत असणार.

पण खरी गोष्ट फीलर गेजनं सांगितली. गॅप, म्हणजे प्लगच्या दोन इलेक्ट्रोडमधली फट, अनुक्रमे ०.९५, ०.९५, १.०५ आणि १.०० मिलिमीटर. नंबरातला ८ म्हणजे मूळ गॅप ०.८. मधल्या इलेक्ट्रोडची धार झिजून टोक गोल झालंय, सुपारीसारखं. टोकदार कडेवरून ठिणगी सहज उडते, गोल झालेल्या टोकावरून उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. त्यात गॅप वाढलेला. त्यात रिमॅपमुळं सिलिंडरमधला दाब वाढलेला, आणि हवा जितकी दाटीनं कोंबाल तितकी ठिणगीला वाट कठीण. निवांत चालवताना कॉइलला जमतं. चढावर, चौथ्यात, पूर्ण बूस्टला मागणी कॉइलच्या ऐपतीबाहेर जाते आणि ठिणगी उडतच नाही.

म्हणजे प्लग बदलायचे. एवढं नक्की. कोणते, यावर पुढचे तीन महिने जाणार आहेत हे तेव्हा माहीत नव्हतं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

हीट रेंज, म्हणजे प्लग गरम की थंड हे सांगणारा नंबर. ज्याला विचारावं तो एकच सांगतो: रिमॅप केलाय ना, मग एक नंबर थंड टाक. म्हणजे सातच्या जागी आठ.

थंड प्लग थंड ठिणगी देतो असं नाही. ठिणगीचा याच्याशी संबंधच नाही. प्रश्न आहे टोकाला आलेली उष्णता किती लवकर हेडमध्ये निघून जाते याचा. आतल्या सिरॅमिकचं नाक लांब असेल तर उष्णतेला बाहेर पडायला लांबची वाट, टोक तापून राहतं, तो गरम प्लग. नाक आखूड तो थंड प्लग. टोक साधारण ४५० अंशांच्या वर असेल तर त्यावर बसलेली काजळी आपोआप जळून जाते. ते ८०० अंशांच्या पुढं फार चढलं तर टोकच निखाऱ्यासारखं होतं आणि ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवतं. टर्बो इंजिनाचा पिस्टन फुटायला तेवढं पुरतं. एका नंबरानं टोकाचं तापमान साधारण ७० ते १०० अंशांनी बदलतं.

आता नंबरांची गंमत. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. एनजीकेचा ७ म्हणजे डेन्सोचा २२, ८ म्हणजे २४. बॉश आणि चॅम्पियनमध्ये उलटं, आकडा वाढला की प्लग गरम. एका कंपनीच्या ७ वरून दुसरीच्या ८ वर "एक पायरी थंड" म्हणून उडी मारणारी माणसं मी पाहिली आहेत.

रात्री बाबांना फोनवर हे सांगितलं. ते आकुर्डीला स्कूटरच्या कारखान्यात होते. त्यांच्या पिढीत प्लग म्हणजे मायको. त्या कंपनीचं नाव २००८ साली बॉश झालं, पण त्यांच्या तोंडून मायको जात नाही. ते म्हणाले, "आमच्या वेळी आकडा वाढला की थंडच होता." खोटं वाटून त्यांना डबा उघडायला लावला. निघाला एक जुना डब्ल्यू १७५. बरोबर आहे त्यांचं. जुन्या पद्धतीत १४५, १७५, २२५, २६० असे चढते आकडे थंडाकडं जायचे. पुढं बॉशनं एका आकड्याची पद्धत आणली तिच्यात क्रम उलटा झाला. बाबांनी फोन ठेवताना "बघ!" म्हटलं, ते मला अजून ऐकू येतंय.

१६ नोव्हेंबर, शनिवार

नाना पेठ, सुट्या भागांची दुकानं. गाडी लांब लावून चालत.

यादी: एनजीके बीकेआर८ईआयएक्स, चार नग. या नंबरची फोड अशी: सुरुवातीच्या अक्षरांत १४ मिलिमीटरचे आटे आणि १६ चा पाना, आर म्हणजे आत रेझिस्टर, ८ हीट रेंज, ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर, आयएक्स म्हणजे इरिडियम. शेवटी डॅश देऊन ११ असेल तर गॅप १.१ चा. तो या इंजिनाला नको. काउंटरवर हमखास तोच पुढं सरकवतात, कारण "तोच चालतो".

पहिल्या दुकानात, "मॅडम, साहेबांना फोन लावून द्या, मी समजावतो." साहेब घरी बटाटे सोलत होते आणि त्यांना प्लग आणि पाना यांतला फरक गेल्या रविवारीच कळला होता. दुसऱ्या दुकानात गेले. तिथं चारही मिळाले, भावही बरा मिळाला. जरा जास्तच बरा.

घरी आल्यावर भिंगाखाली धरले आणि पोटात गोळा आला. इरिडियमच्या टोकाची जाडी ०.६ मिलिमीटर असायला हवी, व्हर्नियरवर १.० आली. वरचा वाकडा इलेक्ट्रोड मधल्या टोकाच्या बरोबर माथ्यावर नाही, एका प्लगमध्ये तर चक्क बाजूला. सिरॅमिकवरची छपाई थिनरच्या बोळ्यानं पुसली गेली. वॉशर बोटानं फिरवून आट्यांवरून सरळ निघून आला, खऱ्या प्लगचा वॉशर असा सुटत नाही. मल्टिमीटरनं रेझिस्टर पाहिला. पाच किलो-ओहमच्या आगेमागे अपेक्षा, आणि एका प्लगमध्ये जवळपास शून्य. म्हणजे आत रेझिस्टरच नाही. तो प्लग इंजिनाच्या कॉम्प्युटरला रेडिओचा खरखराट ऐकवत बसला असता.

खोक्यावर होलोग्रामसुद्धा होता. तो मात्र फार सुंदर.

१८ नोव्हेंबर, सोमवार

दुकानदारानं भिंगातून बघायला नकार दिला, पैसे मात्र परत दिले, एक शब्द न बोलता. न बोलण्यावरूनच समजलं. अधिकृत वितरकाकडून नवीन चार मागवले, आणि त्याच ऑर्डरमध्ये सात नंबरचेही चार, "असू देत" म्हणून. टोक ०.६, वॉशर घट्ट, रेझिस्टर चारही प्लगांत जवळपास सारखा.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेचं मतदान, सुट्टी. सकाळी साडेसातला रांगेत, नऊला पार्किंगमध्ये. बोटाला शाई आणि नखात काजळी.

गॅप. खोक्यातून ०.८ चा येतो, मला ०.६५ हवा. गॅप कमी केला की वाढलेल्या दाबातही ठिणगी उडते, पण फार कमी केला तर ठिणगीच एवढीशी होते की निवांत चालीत मिश्रण नीट पेट घेत नाही. रिमॅपवाल्या टीएसआयला ०.६ ते ०.७ असं बहुतेक जण सांगतात. इरिडियमला ते उतरत्या कडेचं नाण्यासारखं गेज मधे घुसवून फिरवायचं नाही. टोक कडक पण ठिसूळ असतं, चिरा जातात. फक्त बाहेरचा इलेक्ट्रोड वाकवायचा, मधल्याला हातही न लावता.

बाबा आले होते मतदानानंतर, नातवाला भेटायला म्हणून, आणि अर्थातच पार्किंगमध्ये उतरले. माझं गेज बघितलं, म्हणाले, "एवढी नाटकं? आम्ही हॅक्सॉ ब्लेड घालायचो." मी त्यांच्या समाधानासाठी टूलबॉक्समधलं ब्लेड व्हर्नियरमध्ये धरलं. ०.६३. चेतकचे प्लग आयुष्यभर त्यांनी ब्लेडनं लावले आणि सगळे इतके अचूक! यावर बोलण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं.

मग त्यांनी जुन्या प्लगांसाठी खिशातून पॉलिश पेपर काढला. तो मात्र मी जप्त केला. चेतकच्या निकेल प्लगवर चालायचं ते. प्लॅटिनम-इरिडियमच्या टोकावर पेपर मारला की जे विकत घेतलं तेच घासून टाकलं.

आट्यांना काही लावलं नाही. ग्रीस किंवा अँटीसीझ लावलं तर त्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो, आणि नव्या प्लगच्या आट्यांवर मुलामा असतोच. आधी लांब सॉकेटनं नुसत्या हातानं, तळापर्यंत. मग टॉर्क पाना, २८ न्यूटन मीटर. अशा १४ मिलिमीटरच्या प्लगला ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये २५ ते ३० सांगितलेलं असतं. कॉइल दाबून बसवली की "टक" आवाज येतो. चारदा टक.

२४ नोव्हेंबर, रविवार

पहाटे साडेपाचला निघाले, खंबाटकी, तोच चढ, तोच गिअर. शेजारच्या सीटवर लॅपटॉप. पूर्ण बूस्ट, एकही ठसका नाही. लॉगमध्ये मिसफायरचे आकडे चारही सिलिंडरना शून्य. नॉक (मिश्रण आपोआप पेटून होणारी ठकठक) लागली की कॉम्प्युटर ठिणगीची वेळ मागं ओढतो, माझ्या लॉगमध्ये ते ०.७५ अंशाच्या पायऱ्यांनी दिसतं. सगळ्यात वाईट आकडा वजा २.२५, तोही तीन नंबरला. पेट्रोल ९५ ऑक्टेनचं.

वाईला मिसळ. गाडी एवढी गोड चालली की परतताना गाणीही लावली नाहीत.

४ डिसेंबर, बुधवार

काही नाही. ठीक.

१९ डिसेंबर, गुरुवार

थंडी पडली आहे आणि गेले चार-पाच दिवस सकाळी गाडी पहिल्या झटक्यात चालू होत नाही. झाली की अर्धा मिनिट थरथरते, लंगडते, मग सुरळीत. आज हिंजवडीच्या सिग्नलला उभी असताना आरपीएमचा काटा हलत होता. मेस्त्रीकाकांना धायरीला फोन केला. "ताई, पेट्रोल बघा, हल्ली इथेनॉल लय असतं." असतं खरं. पण डिसेंबरच्या सुरुवातीलाही होतंच.

२१ डिसेंबर, शनिवार

प्लग काढले. काळे. ओले नाहीत, तेलकट नाहीत. कोरडी, मखमली काजळी, बोटाला काजळाच्या डबीसारखी लागते. सिरॅमिकच्या नाकावर अगदी वरपर्यंत. आत्ता कुठं महिना झालाय.

बसून विचार केला, आणि उत्तर फोनमध्येच होतं. कोथरूडहून हिंजवडी फेज तीन. रोज. परवा जायला एक तास वीस मिनिटं लागली, अंतर वीस किलोमीटरच्या आत. चांदणी चौकाचा पूल झाल्यापासून तो टप्पा सुटला, पण वाकडला बायपास सोडला की पहिला आणि दुसरा गिअर, क्लच, ब्रेक. इंजिन हजार-बाराशे आरपीएमला, बूस्ट नाही, टोकाला उष्णताच नाही. आठ नंबरचा प्लग ती थोडीशी उष्णताही लगबगीनं हेडमध्ये पाठवून देतो. टोक ४५० ला पोचतच नाही, मग काजळी जळणार कशी? ती साचते. कार्बनमधून वीज वाहते, म्हणून कॉइलचं व्होल्टेज गॅप ओलांडण्याऐवजी काजळीवरून खाली शेलमध्ये (प्लगच्या बाहेरच्या धातूत) उतरतं. थंडीत सुरुवातीला मिश्रण जास्त पेट्रोलाचं असतं, काजळीही जास्त. सगळं तिथंच जुळलं.

मेस्त्री लोकांच्या भाषेत "प्लग शॉर्ट झालाय". बरोबर तेच.

आता हिशेब मांडला. महिन्यातून किती वेळा मी ही गाडी पूर्ण बूस्टला सलग दहा सेकंदांहून जास्त चालवते? प्रामाणिक उत्तर: दोनदा, फार तर तीनदा, तेही पहाटेचे घाट. उरलेला वेळ ती हिंजवडीच्या रांगेत उभी असते. मी प्लग निवडला तो खंबाटकीच्या चढासाठी, आणि वापरला वाकडच्या सिग्नलला. "रिमॅप केला की एक नंबर थंड" हा सल्ला चुकीचा नाही. तो ज्यानं दिला त्याची गाडी ट्रॅकवर जाते, किंवा त्याचं ऑफिस घराशेजारी आहे.

शिवाय एक बारीक गोष्ट नोव्हेंबरात माझ्याच डोळ्यांसमोर होती आणि मी बघितली नाही. जे मूळ प्लग निघाले ते सात नंबरचेच होते, आणि त्यांच्यावर अति तापल्याचं एकही लक्षण नव्हतं. सिरॅमिक चुन्यासारखं पांढरंफेक नव्हतं, वितळल्यासारखा इलेक्ट्रोड नव्हता, नाकावर ॲल्युमिनियमचे बारीक चकाकते कण नव्हते (ते कण म्हणजे नॉकमुळं पिस्टनचं उडालेलं). सातनं तापमान नीट सांभाळलं होतं. ठसका गॅपचा होता. मी गॅपच्या दुखण्यावर हीट रेंजचं औषध दिलं.

बाबांना सांगितलं नाही.

२८ डिसेंबर, शनिवार

मग सातमध्ये कोणता? तीन पर्याय लिहून काढले, पण खरं तर मन लवकर बनलं.

मूळचा प्लॅटिनम पुन्हा: सगळ्यात टिकाऊ, पण ०.८ वरून कमी करायचा झाला तर त्या बाहेरच्या इलेक्ट्रोडला वाकवायला मला हिंमत होत नाही, जाड आहे.

साधा निकेल, बीकेआर७ई: इथं मी बराच वेळ रेंगाळले. किमतीत चार इरिडियममध्ये निकेलचे कितीतरी संच येतात, गॅप लावायला सोपा, आणि जास्त बूस्टच्या गाड्यांना अनेक ट्यूनर मुद्दाम हाच देतात, दर दहा हजार किलोमीटरला नवीन टाकून. निकेलचा वितळणबिंदू १४५५ अंश, इरिडियमचा २४०० च्या वर, म्हणून निकेलचं टोक जाड ठेवावं लागतं आणि जाड टोकाला ठिणगीसाठी व्होल्टेज जास्त लागतं. माझ्या जुन्या कॉइलना तो भार द्यायचा नव्हता. नव्या कॉइल असत्या तर कदाचित हाच घेतला असता, आणि कुणी त्याला "स्वस्तातला" म्हटलं असतं तर भांडलेही असते.

बीकेआर७ईआयएक्स: बारीक टोक, कमी व्होल्टेज, आणि खोकं कपाटात पडलेलं आहेच. एक लक्षात ठेवायचं. आयएक्समध्ये इरिडियम फक्त मधल्या टोकाला, बाहेरचा इलेक्ट्रोड साधा निकेलच. तो झिजतो. म्हणून "इरिडियम आहे, लाखभर बघायला नको" असं नाही, पंधरा हजारांवर गॅप तपासायचा.

२९ डिसेंबर, रविवार

सात बसवले. गॅप ०.७०, कारण ०.६५ ला सिग्नलवरचा थरथराट थोडा तरी गॅपचाही होता असा मला संशय आहे आणि दोन्ही कारणं एकदम काढायची होती. (हे शास्त्रीय नाही, एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. पण उद्या सोमवार आहे.) टॉर्क तोच. चारदा टक.

तीन नंबरचा प्लग बसतो त्या विहिरीत थोडा ऑइलचा ओलावा होता, पुसून घेतला. व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट बघायला हवं. यादीत टाकलं.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

सकाळी पहिल्या झटक्यात. हिंजवडीला काटा स्थिर.

१२ जानेवारी, रविवार

पुन्हा खंबाटकी, पुन्हा साडेपाच, शेजारी लॅपटॉप आणि यावेळी मागच्या सीटवर साहेब, झोपलेले. पेट्रोल तेच ९५, हवा नोव्हेंबरपेक्षा गार. मिसफायर शून्य. वेळ मागं ओढली जाण्याचा सगळ्यात वाईट आकडा वजा ३.०, तीन नंबरला, एकदाच. बाकी तिघं वजा १.५ च्या पुढं गेलेच नाहीत. आठ नंबरशी तुलना केली तर फरक एका पायरीचा, ०.७५ अंश, तोही त्याच सिलिंडरला जो ऑइल पितो. जळणाऱ्या मिश्रणात ऑइल आलं की नॉक लवकर लागते, हे प्लगचं पाप नाही.

एका पायरीसाठी मी महिनाभर काजळी जाळत बसले होते. म्हणजे जाळत नव्हते, तीच तर अडचण.

८ फेब्रुवारी, शनिवार

व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट बदललं, धायरीला. काका म्हणाले, "प्लग कुठले टाकलेत?" सात म्हटल्यावर, "मग बरोबर. आठ टाकून आले असते तर मी काढायलाच सांगितलं असतं." नोव्हेंबरात फोन केला असता तर बरं झालं असतं.

१ मार्च, शनिवार

दोन महिने झाले म्हणून सगळे काढून बघितले. इथेनॉलच्या पेट्रोलवर पूर्वीसारखा कॉफीचा रंग येत नाही, सिरॅमिक जवळजवळ कोरं दिसतं. ते बघून घाबरायचं नाही. त्याऐवजी बाहेरच्या इलेक्ट्रोडवर रंग कुठं बदलतो ते बघायचं. टोकाकडून थोडं अंतर धातू करडा-निळसर होतो, मग एक रेघ, पुढं नव्यासारखा. रेघ टोकाजवळच अडली तर प्लग थंड, पार बुडाशी आली तर गरम. माझ्या चौघांची रेघ वळणाच्या आसपास, तीनची किंचित खाली. आट्यांच्या पहिल्या फेऱ्यावर थोडी काजळी, तेवढी हवीच. गॅप चारही ०.७०, एकात ०.७१ वाटला पण तो माझा हात असेल.

आठ नंबरचे चार पेट्रोलनं धुऊन, हवा मारून, वाळवून खोक्यात ठेवले होते. ऑफिसातला एक जण उन्हाळ्यात कोइमतूरला करी स्पीडवेवर त्याची गाडी नेणार आहे, तेच इंजिन, तोच रिमॅप. तिथं वीस मिनिटं सलग पाय खालीच असतो. त्याला दिले. खोक्यावर मार्करनं लिहिलं: ०.६५, घरी येताना काढून टाकणे.

व्हॉल्व्ह कव्हरच्या कडेला मास्किंग टेप चिकटवला: "७, ०.७०, २८ न्यू.मी., १/३/२५", खाली किलोमीटर. बाबांनी पुढच्या वेळी बॉनेट उघडलं तर ब्लेड न घालता वाचता यावं म्हणून जरा मोठ्या अक्षरात.